वहीतलं वाक्य

ताईची धाकटी लेक नोकरीसाठी डब्लिनला गेली, आणि तेव्हापासून मला अधूनमधून जेम्स जॉइसची वाक्यं येऊ लागली. तिकडे म्हणे 16 जूनला लोक जुन्या काळचे पोशाख चढवून त्याच्या ‘युलिसिस’मधले उतारे चौकाचौकांत मोठ्यानं वाचतात. कादंबरी 1922 सालची. पण तिच्यातला दिवस 16 जून 1904. एका पुस्तकातल्या तारखेला गावानं सण करावा, हे मला फार आवडलं. आमच्या अकोटात हे करायला गेलो, तर आधी वर्गणी कोण गोळा करणार यावरच तीन बैठका होतील!

बिचाऱ्या जॉइसनं तरुणपणीच डब्लिन सोडलं आणि परमुलखात बसून जन्मभर डब्लिनच लिहिलं. आपले गो. नी. दांडेकर काय वेगळे? जन्म 1916चा, परतवाड्याचा. पुढे तळेगाव दाभाड्यास राहिले; पण ‘पूर्णामायची लेकरं’मध्ये लोक बोलतात ते आमचं वऱ्हाडी. अकोल्याला जाताना आम्ही ओलांडतो ती हीच पूर्णा.

भाचीनं लिहिलं, “मामा, तुम्हीही एक मराठी वाक्य पाठवा. इथं वाचून दाखवीन.”

वाक्य माझ्यापाशी तयार होतं. आईची एक वही आहे. पुढून वाण्याचा हिशेब, मागून वाचनालयातल्या पुस्तकांमधली आवडलेली वाक्यं. उद्धव शेळक्यांची ‘धग’ 1960 साली आली. त्या नावाखाली वहीत चार वाक्यं आहेत. चौथं मला पाठ आहे: ‘पोरं जेवले का मायचं पोट भरते म्हन्तेत, मंग राती झोप काहून नाई येत?’ कौतिकच्या तोंडी हे किती शोभतं, म्हणून मी दोनदा भाषणातसुद्धा सांगितलं आणि टाळ्या घेतल्या.

पाठवायचं तर पृष्ठांक द्यावा, म्हणून ‘धग’ काढली. पहिली तीन वाक्यं सापडली. चौथं सापडेना. दिवाळीची झाडलोट तशीच टाकून पुन्हा पहिल्या पानापासून बसलो. शेव जळली, घरातून बोलणी खाल्ली. वाक्य पुस्तकात नव्हतंच.

मग वही उजेडात धरून नीट पाहिली. तिन्ही वाक्यं दौतीच्या शाईची. चौथं शिसपेन्सिलीचं. पान उलटलं, तर मागच्या बाजूला वाण्याची उधारी, साल 1972. त्या दुष्काळात कपाशी आली नाही आणि वडील दिवाणजी होते ते जिन बंद पडलं, एवढं मला माहीत होतं. मी नऊ वर्षांचा. उपाशी निजल्याचं मला एकदाही आठवत नाही.

रात्री अमरावतीला ताईला फोन लावला. वाक्य वाचून दाखवलं. पुस्तकात नाही, हेही सांगितलं. ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली,

“त्या वर्षी आई सोमवार धरे, गुरुवार धरे, शनिवार धरे. तुले आठवते? तू इचारत होता, एवढे देव आपल्यावर काहून रागावले म्हणून.”