ताप लेकराला, रजा आईलाच

सहेरीची भांडी घासून होत नाहीत तोच शाळेच्या डब्याची वेळ होते. नांदेडच्या देगलूर नाका भागात अशी कितीतरी घरे आहेत, जिथे आई सकाळच्या पाळीला खासगी दवाखान्यात जाते आणि अब्बा दुकान उघडायला निघतात. रोजा दोघांचाही असतो. पण रात्रीतून लेकराला ताप चढला की सकाळी घरात एकच प्रश्न उभा राहतो आणि तो आईलाच विचारला जातो : आज सुट्टी मिळेल का?

अलीकडे रमजान आणि बोर्डाच्या परीक्षा एकाच वेळी येत आहेत. लातूरच्या ट्यूशन एरियात भाड्याच्या खोल्यांतून फिरले तर मुलांसोबत आयाही राहताना दिसतात. मुलगा किंवा मुलगी बारावीला, नीटची तयारी; वडील नोकरीच्या गावी, आई लातुरात. आई सरकारी शिक्षिका असेल तर ती साठवलेली रजा वापरते. खासगी नोकरीत असेल तर बहुतेकदा नोकरीच सोडते. ‘लातूर पॅटर्न’चे कौतुक सगळा महाराष्ट्र करतो आणि ते रास्तही आहे. पण निकालाच्या दिवशी हारतुरे स्वीकारताना, या यशासाठी एका पगारावर पाणी सोडले गेले, हे कुणी बोलून दाखवत नाही.

राज्य सरकारने २०१८ मध्ये महिला कर्मचाऱ्यांना बालसंगोपनासाठी १८० दिवसांची रजा दिली. मूल अठरा वर्षांचे होईपर्यंत ती टप्प्याटप्प्याने घेता येते. निर्णय चांगलाच आहे. वडिलांना मात्र ही रजा मिळते ती पत्नी हयात नसेल किंवा असाध्य आजाराने अंथरुणाला खिळलेली असेल तर. म्हणजे आई धडधाकट असेपर्यंत बापाचा नंबरच लागत नाही! प्रसूती लाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली. पन्नास किंवा त्याहून अधिक कर्मचारी असतील तिथे पाळणाघराची सोय हवी, असे त्यात आले. पण दहा-पंधरा माणसांचे दवाखाने, शिकवण्या आणि कपड्यांची दुकाने पाळणाघराच्या या तरतुदीच्या कक्षेत येतच नाहीत. आपल्याकडच्या बायका तर बहुतेक तिथेच काम करतात.

हदीसमध्ये एक प्रसंग आहे. पैगंबर साहेब नमाज लांबवण्याच्या इराद्याने उभे राहत, पण मागून लेकराच्या रडण्याचा आवाज आला की ती आटोपती घेत. आईच्या जिवाची घालमेल होऊ नये म्हणून. बाळ घेऊन घरी जा, असे त्या आईला सांगितले गेले नाही. अख्ख्या जमातीने आपला वेळ तिच्यासाठी आखडता घेतला. नमाज आटोपती घेता येते, तर दुकानाची आणि कचेरीची हजेरी एवढी ताठर कशाला?

शेजारच्या तेलंगणात २०२५ च्या रमजानमध्ये मुस्लिम कर्मचाऱ्यांना चार वाजता घरी जाण्याची मुभा मिळाली. आपल्याकडेही अशी सवलत मागितली जाते, मागावीही. फक्त त्या वाचलेल्या तासाचे घरात काय होते, तेही पाहायला हवे. तो घरी आला की जरा आडवा होतो, ती आली की भजी तळायला बसते आणि एका डोळ्याने मुलाचा गृहपाठ पाहते. तरावीहला तो मशिदीत जातो. आजारी मुलाचे औषध, उद्याचा गणवेश, परीक्षेची पॅड-पट्टी हे सारे तिच्याकडेच राहते. शेवटच्या दहा दिवसांत एतिकाफला बसणाऱ्या बापांनी तर एवढे लक्षात घ्यावे, की एतिकाफ मोहल्ल्यातल्या एकाने केला तरी बाकीच्यांची जबाबदारी उतरते. तापलेल्या लेकराजवळ मात्र शेजाऱ्याला बसवून भागत नाही.

शाळांनाही थोडे बदलता येईल. पालकसभा कामाच्या दिवशी सकाळी अकराला ठेवली की रोजंदारीवरच्या आईचा अर्धा दिवस बुडतो आणि ती आली नाही तर ‘पालक लक्ष देत नाहीत’ असा शेरा पडतो. हीच सभा रविवारी घेतली तर दोघेही येतील. मूल आजारी पडले की शाळा ज्या नंबरवर पहिला फोन लावते, तो बहुतेक घरांत आईचाच असतो. या रमजानमध्ये तिथे अब्बांचा नंबर लिहून द्यायला काय हरकत आहे?