बेसूर ठरवलेल्या दोघांच्या बाजूने

जेडवर्ड हे नाव काढले की ब्रिटन आणि आयर्लंडमधल्या जाणकार म्हणवणाऱ्या श्रोत्यांच्या कपाळाला आजही आठी पडते. जेडवर्ड म्हणजे जॉन आणि एडवर्ड ग्राइम्स, डब्लिनजवळच्या ल्युकनचे जुळे भाऊ. २००९ मध्ये आयटीव्ही वाहिनीवरच्या ‘द एक्स फॅक्टर’ या गायनस्पर्धेच्या सहाव्या पर्वात ते उतरले, डोक्यावर वीतभर उभे केस मिरवत सात आठवडे नाचले-गायले आणि सहाव्या क्रमांकावर बाहेर पडले. प्रकरण तिथेच मिटायला हरकत नव्हती. पण तेव्हापासून त्यांच्या नावावर एक आरोपपत्र चिकटले आहे आणि ते कोणी तपासून पाहत नाही. त्यांना गाता येत नाही, त्यांनी एका खऱ्या गायिकेची जागा खाल्ली, लोकांनी त्यांना मते दिली ती निव्वळ टवाळी म्हणून, आणि ते टीव्हीने नाचवलेले बाहुले आहेत, असे हे आरोपपत्र सांगते. यातला पहिला आरोप अर्धा खरा आहे. उरलेले तीन टिकणारे नाहीत. आणि जो अर्धा खरा आहे, त्यावरून काढलेला निष्कर्ष मला सगळ्यांत जास्त खटकतो.

जागा खाल्ल्याचा आरोप आधी घेऊ, कारण त्याचा निकाल कागदावरच लागतो. नोव्हेंबर २००९ मध्ये, स्पर्धेच्या पाचव्या आठवड्यात, सर्वांत कमी मते मिळालेल्या दोघांत जेडवर्ड होते आणि वेल्सची ल्यूसी जोन्स होती. ल्यूसीचा गळा उत्तम, याबद्दल वाद नाही. अशा वेळी चार परीक्षकांनी मत द्यायचे असे. डॅनी मिनोग आणि शेरिल कोल यांनी जेडवर्डना घालवावे असे मत दिले. जेडवर्डचे मार्गदर्शक लुई वॉल्श यांनी ल्यूसीचे नाव घेतले. मग पाळी आली सायमन कॉवेल यांची. त्यांनी आधीचे कित्येक आठवडे या पोरांची यथेच्छ निर्भर्त्सना केली होती, तरीही त्यांनी ल्यूसीचेच नाव घेतले आणि दोन-दोन अशी बरोबरी झाली. बरोबरी झाली की प्रेक्षकांची मते मोजायची, असा नियम होता. त्या मोजणीत ल्यूसी मागे पडली आणि घरी गेली. प्रेक्षक खवळले, प्रक्षेपणावर देखरेख करणाऱ्या ऑफकॉमकडे तक्रारी गेल्या, आणि रोष मात्र उतरला तो या दोघांवर. त्यांनी यात काय केले होते? सांगितलेले गाणे म्हटले आणि निकालाची वाट पाहिली. नियम वाहिनीचा, चौथे मत कॉवेल यांचे, कमी मते प्रेक्षकांची. ल्यूसीचे पुढे वाटोळे झाले असेही नाही. पुढच्याच वर्षी ती लंडनच्या वेस्ट एंडमध्ये ‘ले मिझराब्ल’ या संगीतनाटकातली कोझेट झाली, २०१७ मध्ये युरोव्हिजन या देशोदेशींच्या गीतस्पर्धेत ब्रिटनची प्रतिनिधी होती, आणि नंतर ‘विकेड’मधली एल्फाबाही तिने केली. चांगल्या गळ्याला रस्ता सापडला. तो जेडवर्डनी अडवला होता, असे म्हणायला जागाच नाही.

टवाळीच्या मतांचे म्हणणे थोडे जास्त चतुर आहे. एखाद्या कार्यक्रमाची खोड मोडायची म्हणून लोक मुद्दाम वाईट स्पर्धकाला मते देतात, हे होते, आणि तो डिसेंबर तर अशा बंडाचाच होता. त्या पर्वाचा विजेता जो मॅकएल्डरी याचे गाणे नाताळच्या आठवड्यात पहिल्या क्रमांकावर जाणार हे जवळपास ठरलेले होते. पण जॉन आणि ट्रेसी मॉर्टर या जोडप्याने समाजमाध्यमावर मोहीम चालवून रेज अगेन्स्ट द मशीन या बँडचे ‘किलिंग इन द नेम’ हे जुने गाणे त्या जागी नेऊन बसवले. लोकांना निषेध करायचा असतो तेव्हा ते असा करतात, उघड, आणि एकदाच. टवाळीखोर माणूस एक फोन करतो आणि हसून मोकळा होतो. तो दुकानात जाऊन पैसे मोजून अल्बम विकत घेत नाही आणि पोराबाळांना घेऊन जलशाला जात नाही. २०१० च्या सुरुवातीला जेडवर्डचे रॅपर व्हॅनिला आइससोबतचे पहिले गाणे आयर्लंडमध्ये पहिल्या आणि ब्रिटनमध्ये दुसऱ्या क्रमांकावर गेले. ‘प्लॅनेट जेडवर्ड’ हा पहिला अल्बम आयर्लंडमध्ये पहिला आला, पुढच्या वर्षीचा ‘व्हिक्टरी’ही पहिला आला. हे घेणारे कोण होते? मुख्यतः आठ-दहा वर्षांची मुले आणि त्यांचे आईबाप. जाणकारांना हा श्रोता दिसतच नाही. मुलांची आवड ही आवडच नव्हे, ती मोठ्यांनी केलेली थट्टा असली पाहिजे, असे गृहीत धरल्याशिवाय टवाळीचा सिद्धान्त उभा राहत नाही. लहान मुले कलावंताची भीडभाड ठेवत नाहीत. कंटाळा आला की उठून जातात. त्यांना वर्षानुवर्षे धरून ठेवणे ही पॉप संगीतातली फार अवघड गोष्ट आहे.

आता गाण्याकडे. होय, ‘एक्स फॅक्टर’च्या मंचावर ते अनेकदा सुरातून घसरले. पट्टी सुटायची, धावतपळत गाताना दम लागायचा, दोघांचे आवाज एकत्र बसायचे नाहीत. हे मी नाकारत नाही आणि नाकारायची गरजही मला वाटत नाही. त्यानंतर मात्र टीकाकार जी उडी घेतात ती मला मान्य नाही. सूर कच्चा म्हणून माणूस हसण्याच्या लायकीचा, असे ते मानतात. त्या हिवाळ्यात स्टुडिओतले प्रेक्षक या दोघांना पाहताच हुर्यो करत. ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान गॉर्डन ब्राऊन यांनीही एका मुलाखतीत त्यांच्याबद्दल प्रतिकूल शेरा मारला. देशाच्या सर्वोच्च पदावरच्या माणसाने मत द्यावे असे ते होते तरी कोण? थेट प्रक्षेपण सुरू झाले तेव्हा ते सतरा वर्षांचे होते, १६ ऑक्टोबरला त्यांना अठरा पूर्ण झाली. शाळा नुकतीच सुटलेली दोन मुले, आणि दर शनिवारी लाखो माणसांसमोर हुर्यो.

त्याच वर्षी एप्रिलमध्ये, त्याच वाहिनीवर, त्याच कॉवेल यांच्या ‘ब्रिटन्स गॉट टॅलेंट’मध्ये सूझन बॉईल आली होती. स्कॉटलंडची, सत्तेचाळीस वर्षांची, साध्या पेहरावातली बाई. मंचावर येताच प्रेक्षकांनी तोंडे वाकडी केली, आणि तिने गायला सुरुवात करताच तेच प्रेक्षक उभे राहिले. जगभर त्या प्रसंगाचे कौतुक झाले आणि रूपावरून माणसाला हसू नये, असा धडा सगळ्यांनी एकमेकांना दिला. मग सहा महिन्यांत काय झाले? सूझनची माफी मागणाऱ्या त्याच समाजाने ल्युकनच्या दोन पोरांना हुर्यो केली. म्हणजे एप्रिलमध्ये शिकलेला धडा वेगळाच होता. हसल्याचा पश्चात्ताप झाला तो गळा चांगला निघाला म्हणून. तो चांगला निघाला नसता तर हसणे रास्त ठरले असते. माणसाच्या प्रतिष्ठेला सुराची अट घालणारी ही दृष्टी मला मुळातच नामंजूर आहे. एखाद्याचे गाणे वाईट आहे असे म्हणण्याचा अधिकार प्रत्येकाला आहे. त्याला मंचावर आणून, त्याची फजिती ठरवून दाखवून, तिच्यावर जाहिरातींचा पैसा मिळवण्याचा अधिकार कोणाला नाही, आणि त्या फजितीत सामील होऊन आपण अभिरुची राखली असे समजणे तर आत्मवंचनाच आहे.

मराठी वाचकाला इथे एक शंका येईल, आणि ती रास्त आहे. आपला कान नाट्यसंगीत आणि भावगीतावर पोसलेला. ‘सा रे ग म प’च्या लिटिल चॅम्प्सनी तर घराघरात सुराची बारीक जाण पेरली. अशा कानाला जेडवर्डसारखे गाणे सोसणार कसे? पण याच महाराष्ट्राने तमाशातल्या सोंगाड्यालाही मान दिला आहे. त्याच्याकडून कोणी आलापीची अपेक्षा ठेवली नाही. त्याची वेळ साधण्याची हुशारी, अंगातली लय आणि बघ्यांशी बोलण्यातली सलगी पाहिली. मंचावरच्या प्रत्येक कामाला एकच माप लावायचे नाही, हे आपल्याला ठाऊक आहे. पॉप हा तर मुळातच असा प्रकार आहे, ज्यात आवाजाइतकाच देह, वेश, चाल आणि प्रेक्षकाशी जुळलेली नजर काम करते.

या मापाने जेडवर्डकडे पाहिले की दिसते ते वेगळेच. दोन भाऊ आहेत, आईच्या पोटातून बरोबर आलेले, एकमेकांची वाक्ये पुरी करणारे, आणि हेच त्यांनी मंचावर आणले आहे. पॉपमधल्या नृत्यजोड्या तालमीने एकसारख्या केलेल्या असतात. यांची जोडी तशी घासूनपुसून जुळवलेली नाही. एक उडी घेतो, दुसरा निमिषभर मागून घेतो, आणि त्या फरकातच गंमत आहे. ते लाजत नाहीत. अंग चोरत नाहीत. हुर्यो करणाऱ्या सभागृहापुढेही त्यांनी कधी रडवेला चेहरा करून दया मागितली नाही. इतक्या प्रतिकूल वातावरणात आठवड्यामागून आठवडे आनंदी राहून काम करणे याला मी कसब म्हणतो, आणि हे कसब ‘गाता येत नाही’ या तीन शब्दांत बसत नाही.

याची सर्वांत कठीण परीक्षा २०११ मध्ये झाली. युरोव्हिजन जिंकण्याचा विक्रम एकेकाळी एकट्या आयर्लंडच्या नावावर होता, सात विजेतेपदे, त्यांतली चार नव्वदच्या दशकात. पण नंतर पार घसरण झाली. २००७ मध्ये अंतिम फेरीत शेवटचा क्रमांक आला. २००८ मध्ये डस्टिन नावाची टर्कीची बाहुली पाठवली आणि ती उपांत्य फेरीतच गारद झाली. २००९ मध्येही अंतिम फेरी नाही. २०१० मध्ये आयर्लंडने नीव कॅव्हनाला पाठवले. ती १९९३ ची विजेती, आवाजात कसलीही उणीव नसलेली गायिका. ती पंचवीस देशांत तेविसावी आली. मग जेडवर्डची पाळी आली. ड्युसेलडॉर्फच्या मंचावर लाल चमचमत्या, भल्यामोठ्या खांद्यांच्या जॅकेटांत त्यांनी ‘लिपस्टिक’ सादर केले आणि ११९ गुणांसह आठवा क्रमांक मिळवला. ब्रिटनने त्या वर्षी ब्लू हा नावाजलेला, घटवलेल्या आवाजांचा चौघांचा गट पाठवला होता. तो अकरावा आला. साथीला मागे गाणारे होते म्हणून निभावले, असे कोणी म्हणेल. साथीचे गायक तेव्हा जवळपास प्रत्येक देशाकडे असत. लोकांच्या फोनवर निभावले म्हणाल, तर अंतिम फेरीतले निम्मे गुण व्यावसायिक परीक्षकमंडळांचे होते. जुळेपणाच्या नवलाईवर निभावले म्हणाल, तर त्याच वर्षी स्लोव्हाकियाने ट्वीन्स ही जुळ्या बहिणींची जोडी पाठवली होती आणि ती अंतिम फेरीपर्यंतही पोहोचली नाही. पुढच्या वर्षी बाकूला जेडवर्ड पुन्हा गेले आणि एकोणिसावे आले, हेही सांगितले पाहिजे. पण आठवा क्रमांक गाठायला आयर्लंडला त्याआधी दशकभर जमले नव्हते, आणि त्यापुढे जायला २०२४ उजाडावे लागले.

राहिला बाहुल्यांचा आरोप. बाहुल्याची दोरी तुटली की ते पडते. यांची दोरी मार्च २०१० मध्येच तुटली, कारण पहिले गाणे निघून दोन महिनेही होत नाहीत तोच सोनी या रेकॉर्ड कंपनीने त्यांना सोडून दिले. त्यांनी युनिव्हर्सलशी करार केला आणि त्यानंतर अल्बम निघाले. बीबीसीच्या मुलांच्या वाहिनीवर त्यांनी कार्यक्रम केले, ‘सेलिब्रिटी बिग ब्रदर’मध्ये २०११ ला तिसरे आणि २०१७ ला दुसरे आले. मे २०११ मध्ये बराक ओबामा डब्लिनला आले, तेव्हा कॉलेज ग्रीनवर जमलेल्या गर्दीसमोर त्यांचे गाणे झाले. २०१९ मध्ये आला ‘व्हॉइस ऑफ अ रेबेल’. तो त्यांनी स्वतः लिहिला, स्वतः घडवला. त्याच वर्षी फेब्रुवारीत त्यांची आई सुझॅना कर्करोगाने गेली. तिच्या स्मरणार्थ, कर्करोगाच्या कामाला निधी मिळावा म्हणून, २०२१ मध्ये त्यांनी डोकी भादरली. ज्या केसांवरून जगाने बारा वर्षे त्यांना ओळखले आणि हिणवले, तेच केस.

२०२१ मध्येच त्यांनी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती त्यांच्या सगळ्या गाण्यांपेक्षा मोठी आहे. ‘एक्स फॅक्टर’ची निर्मिती करणाऱ्यांनी स्पर्धकांच्या जिवावर पैसा केला आणि स्पर्धकांच्या हाती काही ठेवले नाही, असे त्यांनी जाहीरपणे, कॉवेल यांचे नाव घेऊन सांगितले. त्याच वर्षी २०१० च्या पर्वातली रिबेका फर्ग्युसन हीदेखील संगीतव्यवसायातल्या वागणुकीवर देखरेख करणारी स्वतंत्र यंत्रणा हवी, अशी मागणी करत होती. अठराव्या वर्षी ज्यांना हुर्यो सोसावी लागली ते दोघे आता तिशीच्या उंबरठ्यावर उभे राहून त्या कारखान्याचा हिशेब मागत होते. २००९ च्या हिवाळ्यात ऑफकॉमकडे तक्रार करणाऱ्यांपैकी कितीजणांना तेव्हा ही विचारणा सुचली? त्यांनी एका गायिकेच्या गच्छंतीची तक्रार केली. सतरा-अठरा वर्षांच्या मुलांकडून कसले करार करून घेतले जातात आणि प्रत्येक हुर्योचे पैसे कोणाच्या खिशात जातात, हा प्रश्न अखेर त्या मुलांनाच विचारावा लागला.