धंद्याचा गल्ला आणि घरचा डबा

परभणीहून परळीकडे जाणाऱ्या लोहमार्गावर पोखर्णी नृसिंह हें स्थानक आहे. नृसिंहाच्या दर्शनाला येणाऱ्या यात्रेकरूंमुळें गांवाचें नांव दूरवर ठाऊक झालें आहे. अशा गांवांतील एका एकत्र कुटुंबांत धाकट्या सूनबाईंनीं शिवणकामाचा धंदा काढला आहे, असें आपण समजूं. हातांत कला आहे, वडील मंडळींची संमति आहे. तरीहि सहा महिन्यांनीं स्वयंपाकघरांत कुरबूर सुरू होते. ‘यंत्राला पैसे आम्हीं दिले,’ असें थोरल्या जाऊबाई म्हणतात. ‘महिनाभर भाजी माझ्याच गल्ल्यांतून आली,’ असें धाकटी म्हणते. दोघीहि खरेंच बोलत असतात. परंतु लेखी कांहींच नसल्यामुळें एका खऱ्याचें दुसऱ्या खऱ्याशीं भांडण होतें.

ह्यावर उपाय द्विनोंदी जमाखर्चाचा. इटलींतील लुका पाचोली नांवाच्या गणितज्ञ साधूचा ग्रंथ १४९४ सालीं व्हेनिस येथें छापला गेला. त्यांत ह्या पद्धतीचें विवेचन आहे. पद्धत मात्र त्याची स्वतःची नव्हे. तेथील व्यापारी ती आधींपासूनच वापरीत होते. तिचें तत्त्व एवढेंच, कीं प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात. पैसा कोठून तरी येतो व कोठें तरी जातो. म्हणून प्रत्येक रक्कम एका खात्याच्या नांवें व दुसऱ्या खात्यास जमा अशी दोनदां लिहावयाची.

नियम तीनच आहेत. व्यक्तीचें खातें असेल, तर घेणाऱ्याच्या नांवें व देणाऱ्यास जमा. वस्तूचें वा रोकडीचें असेल, तर येईल तें नांवें व जाईल तें जमा. खर्च व तोटा नेहमीं नांवें; उत्पन्न व नफा नेहमीं जमा. ह्या सर्वांच्या आधीं एक गोष्ट मनाशीं पक्की करावी: धंदा ही एक निराळी व्यक्ति आहे. सूनबाईंनीं घातलेलें भांडवल हेंहि धंद्याला त्यांचें देणेंच होय.

आतां पहिल्या महिन्याचे व्यवहार पाहूं. सूनबाईंनीं स्वतःचे १०,००० रुपये घातले आणि थोरल्या दिरांनीं ८,००० कर्जाऊ दिले. रोकड १८,००० नांवें. भांडवल १०,००० व दिरांचें खातें ८,००० जमा. यंत्र १२,००० रुपयांचें आलें. यंत्र नांवें, रोकड जमा. दोरा, गुंड्या, अस्तर यांस १,५०० व मदतनीस बाईस २,००० लागले. शिलाई एकूण ९,००० रुपयांची झाली. पैकीं ६,५०० रोख मिळाले व २,५०० गिऱ्हाइकांकडे येणें राहिले. एका लग्नघरानें पुढील कामासाठीं १,००० रुपये आगाऊ दिले. घरच्या भाजीपाल्यासाठीं गल्ल्यांतून १,२०० काढले. विजेचें ४०० रुपयांचें बिल आलें, पण तें भरावयाचें आहे.

महिनाअखेर गल्ल्यांत ८,८०० रुपये निघतात. हाच नफा, असें कोणासहि वाटेल. परंतु त्यांत दिरांचे पैसे आहेत आणि न केलेल्या कामाचे १,००० आहेत; उलट केलेल्या कामाचे २,५०० अद्याप बाहेरच आहेत. खरा नफा असा काढावा: शिलाईचें उत्पन्न ९,०००, त्यांतून सामान १,५००, मजुरी २,०००, वीज ४०० आणि यंत्र दहा वर्षें चालेल असें धरून महिन्याचा घसारा १००, असे एकूण ४,००० वजा केले, म्हणजे नफा ५,००० रुपये. भाजीचे १,२०० हा धंद्याचा खर्च नव्हे. ती सूनबाईंची उचल होय व ती भांडवलांतून वजा होते.

आतां ताळेबंद मांडावा. एका बाजूस यंत्र ११,९००, रोकड ८,८००, येणें २,५००, बेरीज २३,२००. दुसऱ्या बाजूस दिरांचें कर्ज ८,०००, आगाऊ १,०००, विजेचें देणें ४०० आणि सूनबाईंचें भांडवल नफा मिळवून व उचल वजा जातां १३,८००. बेरीज तीच, २३,२००. जाऊबाईंचा प्रश्न आणि धाकटीचा प्रश्न, दोहोंचीं उत्तरें एकाच पानावर मिळालीं. दिरांचें देणें आठ हजार आहे आणि धाकटीनें घराला बाराशें दिले आहेत, हें आतां कोणास मोठ्यानें सांगावें लागत नाहीं.

व्यवहार त्या त्या दिवशींच रोजकीर्दींत लिहावा, आठवड्यानें खतावणी करावी व महिन्यानें तेरीज काढावी. मोबाईलवरून मिळालेले पैसे गल्ल्यांत येत नाहींत, म्हणून बँकेचें खातें निराळें ठेवावें. तेरीज जुळली म्हणजे सर्व कांहीं बरोबर झालें, असें मात्र समजूं नये. जो व्यवहार लिहिलाच नाहीं, किंवा मजुरीऐवजीं चुकून विजेच्या नांवें पडला, तो तेरजेंत दिसत नाहीं. त्यासाठीं गल्ला मोजणें, बँकेचा उतारा ताडून पाहणें आणि पावत्या जपून ठेवणें हाच मार्ग आहे.

पैठणचे एकनाथ महाराज देवगिरीस जनार्दनस्वामींपाशीं असतांना एका पैची चूक शोधीत रात्रभर जागले आणि ती सांपडतांच आनंदानें टाळी वाजविली, अशी कथा परंपरेनें सांगितली जाते. पैची किंमत ती किती! पण ती कोठें गेली हें न कळणें, हेंच त्यांस सहन झालें नाहीं. एकत्र कुटुंबांतहि दुरावा रकमेच्या मोठेपणामुळें क्वचितच येतो. ती कोठें गेली हें न कळल्यामुळें बहुधा येतो. वही घालणें म्हणजे आपल्या माणसांवर अविश्वास दाखविणें, असें पुष्कळांस वाटतें. वास्तविक ज्यांच्याशीं जन्मभर एका पंक्तीस बसावयाचें आहे, त्यांच्याशीं हिशेब चोख ठेवणें ही मायेचीच एक रीत आहे.