विज्ञान-गप्पा : न उठणारा पाहुणा



थंडी आली की इकडे कार्बन मोनॉक्साइडच्या बातम्या सुरू होतात. कुणाचा फर्नेस बिघडतो, कुणी जनरेटर गराजमध्ये चालवतो, आणि माणसं झोपेतच जातात. या वायूला ना रंग, ना वास. रक्तातल्या हिमोग्लोबिनवर त्याची पकड ऑक्सिजनच्या २०० पटींहून जास्त! ती एवढी का?

हिमोग्लोबिनमध्ये हीम नावाच्या चपट्या चकत्या असतात आणि प्रत्येकीच्या मध्यभागी लोहाचा एक अणू. वायू बसतो तो या लोहावर. स्नायूंतल्या मायोग्लोबिनमध्ये हीम एकच, म्हणून पुष्कळ प्रयोग त्याच्यावर झाले. त्यातून कळलं ते मजेशीर आहे. मायोग्लोबिनवर बसायला ऑक्सिजनच जास्त चपळ! पण तो सेकंदाच्या छोट्याशा अंशात उठतो, आणि कार्बन मोनॉक्साइड सरासरी जवळजवळ मिनिटभर ठाण मांडतो. म्हणजे खरी गोम उठण्यात आहे.

ते उठणं बघायचं कसं? हा बंध प्रकाशाने तुटतो. म्हणून आधी लेसरचा झोत मारायचा आणि लगेच क्ष-किरणांचा. लोह ७.१ किलो-इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या आसपास क्ष-किरण एकदम शोषू लागतं. तिथला आलेख जरा जरी बदलला, तरी लोहाचे इलेक्ट्रॉन आणि शेजारी कसे हलले ते कळतं. दोन झोतांमधलं अंतर थोडं थोडं वाढवत गेलं की सिनेमा तयार!

बे एरियातल्या मंडळींनो, तुमच्या २८० हायवेखालून जातो तो स्लॅकचा ॲक्सिलरेटर. तिथे २००९ पासून फेम्टोसेकंदांचे क्ष-किरण झोत मिळतात. (एका सेकंदात फेम्टोसेकंद किती? एकावर पंधरा शून्यं!) बंध १०० फेम्टोसेकंदांच्या आत तुटतो आणि लोह चकतीबाहेर सरकू लागतं. २०१५ साली तिथेच दिसलं की अर्ध्या पिकोसेकंदात अख्खं प्रथिन हलतं.

अर्थात रुग्णावर लेसर मारत नाहीत. त्याला शुद्ध ऑक्सिजन देतात. पाहुणा क्षणभर उठला की ती जागा ऑक्सिजन पटकावतो. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार-पाच तास लागतात, शुद्ध ऑक्सिजनवर तास-दीड तास.

तेव्हा डिटेक्टरची बॅटरी आजच बघा. आणि घरात सगळ्यांचंच डोकं एकदम दुखायला लागलं, तर गोळी शोधत बसू नका. आधी बाहेर पडा, मग फोन करा.