खुर्चीत गप्प बसणारे मूल

गेल्या पावसाळ्यात आम्ही आमच्या दोन्ही नातवंडांना दंतवैद्याकडे नेले होते. थोरला सहा वर्षांचा, धाकटी साडेचारची. थोरल्याने दारातच दवाखाना डोक्यावर घेतला. खुर्चीत बसविले तर ओठ घट्ट मिटून घेतले, डॉक्टरांचा हात झिडकारला, आणि अखेरीस ‘आरसा माझ्या हातात द्या, मग तोंड उघडतो’ असा तह करून कशीबशी तपासणी करू दिली. धाकटी मात्र सांगितल्याबरोबर आ करून बसली. किडलेली दाढ भरून होईपर्यंत तिने हूं की चूं केले नाही. आम्ही सर्वांदेखत तिची पाठ थोपटली आणि थोरल्यास ‘बघ, तुझ्याहून लहान आहे’ असे ऐकविले.

त्या रात्री धाकटी तीनदा दचकून उठली. चार दिवस तिने दूधभाताखेरीज काही खाल्ले नाही. थोरला दुसऱ्याच दिवशी चमचा घेऊन शेजारच्या मुलांचे दात मोजत होता.

आमची चूक कोठे झाली, हे आम्हांस पुढे थोडे वाचन केल्यावर उमगले. मुलांच्या दंतचिकित्सेत त्यांच्या वर्तनाची चार पायऱ्यांत नोंद करण्याची एक पद्धत आहे. फ्रँकल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६२ साली ती मांडली आणि आजही ती वापरली जाते. तीत थोरला खालच्या पायरीवर आला असता आणि धाकटी वरच्या. परंतु ही नोंद मूल कसे वागले याची असते. मनात काय चालले होते याची नव्हे. स्वीडनमधील क्लिंगबर्ग व ब्रोबर्ग यांनी या दोन गोष्टी वेगळ्या करून पाहिल्या. असहकार करणारे प्रत्येक मूल भ्यालेले नसते आणि भ्यालेले प्रत्येक मूल असहकार करीत नाही, असे त्यांना आढळले. दंतवैद्याची भीती विशेषतः लाजाळू आणि चटकन व्याकूळ होणाऱ्या मुलांत दिसली.

स्वभावाचे हे भेद जन्मापासूनच दिसू लागतात. थॉमस आणि चेस या दांपत्याने १९५६ पासून न्यूयॉर्कमधील मुलांचा वर्षानुवर्षे मागोवा घेतला. काही मुले सहज रुळणारी, काही हट्टी व तीव्र प्रतिक्रियेची, तर काही नव्या जागी आधी मागे सरणारी आणि हळूहळू मोकळी होणारी, असे तीन प्रकार त्यांनी सांगितले. बरीच मुले यांपैकी कोणत्याच साच्यात नीट बसली नाहीत, हेही नोंदविले. आमची धाकटी तिसऱ्या जातीची. बारशाला आलेल्या पाहुण्यांकडेही ती जात नसे. हे ठाऊक असून आम्ही तिला पहिल्याच भेटीत सुईखाली बसविले!

अशा मुलास पहिली खेप नुसती पाहण्याची द्यावी. ‘आधी सांगा, मग दाखवा, मग करा’ ही १९५९ साली अ‍ॅडेलस्टन यांनी मांडलेली रीत लाजाळू मुलास फार मानवते, मात्र त्यास वेळ द्यावा लागतो. थोरल्यासारख्यास उलट चटकन आटोपणारे काम आणि थोडी सत्ता हवी. ‘हात वर केलास की मी थांबेन’ एवढी सवलतही पुरते. आईने खोलीत थांबावे की नाही, हा वाद जुना आहे. फ्रँकल यांच्या त्याच अभ्यासात साडेतीन ते चार वर्षांच्या मुलांस आईच्या सान्निध्याचा लाभ झालेला दिसला. त्याहून मोठ्यांत तसा फरक आढळला नाही.

आपल्याकडे, बडोद्यात, आणखी एक बारीक अडचण असते. डॉक्टर अतिशय प्रेमळपणे ‘दुखे छे?’ विचारीत होते. धाकटीला गुजराती समजते, अंगणात ती बोलतेही. पण परक्या खोलीत, तोंडात कापूस असताना, घाबरलेल्या मुलास घरच्याच भाषेतला शब्द जवळचा वाटतो. ‘दुखले तर हात वर कर’ हे आम्ही घरून निघतानाच मराठीत सांगावयास हवे होते.

आणि ‘दात घासले नाहीस तर डॉक्टर सुई टोचतील’ ही धमकी कोणत्या घरात ऐकू येत नाही? तीच आजी दवाखान्याच्या पायरीवर ‘काही टोचणार नाहीत हं’ असे सांगते. मग सुई टोचली की मुलाचा विश्वास डॉक्टरांवरून आणि आजीवरूनही उडतो. ‘दुधाचे दात, पडायचेच आहेत’ म्हणून दुखेपर्यंत थांबण्याची रीतही अशीच. वीस दुधाच्या दातांपैकी मागच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत राहतात, आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास त्यांच्यामागे येणारी दाढ कोणताही दात न पडता येते, म्हणून तीही दुधाचीच समजली जाते. मूल दुखणे घेऊनच गेले, तर पहिली ओळख वेदनेशीच होणार. पहिला वाढदिवस होण्याच्या आत एकदा दात दाखवून आणावेत, असे बालदंतवैद्य सांगतात ते यासाठीच.

दिवाळीनंतर आम्ही धाकटीला पुन्हा नेले, या वेळी एकटीलाच. डॉक्टरांना आधी भेटून सारे सांगितले होते. तिने मांडीवर बसून आरशात आपले दात पाहिले, डॉक्टरांनी ते मोजले, आणि तेवढ्यावरच त्यांनी तिला खाली उतरविले. दारापाशी ती थांबली, मागे वळली आणि मराठीत विचारती झाली, ‘आज सुई नाही?’

त्या दवाखान्यात तिने उच्चारलेले ते पहिले वाक्य होते.