गणित आणि पदार्थविज्ञान यांची फारकत

शिक्षणविषयक चळवळी बहुधा प्रवेश, शुल्क आणि अनुदान यांपाशी थांबतात. वर्गात काय, कोणत्या क्रमाने शिकवावे हा प्रश्न तज्ज्ञांवर सोपवला जातो. वस्तुतः तोही विषमतेचाच प्रश्न होय.

राज्यात २०१७ साली आलेली नववीची पाठ्यपुस्तके पाहावीत. विज्ञानाचा पहिलाच पाठ ‘गतीचे नियम’ हा असून त्यात वेग-काल आलेखावरून गतीची समीकरणे सिद्ध केली आहेत. निर्देशक भूमिती मात्र गणिताच्या दुसऱ्या भागात सातव्या प्रकरणी येते. पुस्तकांचा क्रम पाळला, तर साधन हाती येण्यापूर्वीच ते वापरावे लागते. मग समीकरण समजत नाही, पाठ होते.

वास्तविक, डोंबिवली स्थानकातून सुटणारी लोकल हाच उत्तम पाठ आहे. तिने २० सेकंदांत सेकंदाला १० मीटर इतका वेग एकसारखा वाढवत गाठला असे मानले, तर आलेखात २० पायाचा आणि १० उंचीचा त्रिकोण तयार होतो. त्याचे क्षेत्रफळ १००. म्हणजेच गाडी १०० मीटर गेली. तिरप्या रेषेचा चढ हे त्वरण. भूमिती आणि गती येथे एकमेकींना उजळतात.

ठाणे, कल्याण, डोंबिवलीत ज्यांना खाजगी शिकवणी परवडते, त्यांना असे दुवे तेथे जोडून मिळू शकतात. वागळे इस्टेटीतील कंत्राटी कामगाराच्या मुलीला ते शाळेत मिळाले नाहीत, तर कोठून मिळणार? ‘आपल्याला गणित येत नाही’ हा तिचा समज मग अकरावीच्या विज्ञानशाखेचे दार बंद करतो. अभ्यासक्रमाचा दोष तिच्या बुद्धीच्या माथी मारला जातो.

गणित हे पदार्थविज्ञानाचे दास नव्हे, हा आक्षेप रास्त आहे. सिद्धतेची शिस्त स्वतंत्रपणेच शिकवली पाहिजे. परंतु दोन्ही विषय एकात विलीन करावेत, अशी मागणीच नाही. प्रकरणांचा क्रम जुळवावा, आठवड्यातून एक तासिका दोहोंसाठी राखावी, एवढेच पुरे. अनेक शाळांत हे दोन्ही विषय एकच शिक्षक शिकवतात. त्यामुळे त्यासाठी ना नवी इमारत लागते, ना वाढीव अनुदान.

मध्य प्रदेशात १९७२ साली सुरू झालेला होशंगाबाद विज्ञान शिक्षण कार्यक्रम ग्रामीण शासकीय शाळांत तीन दशके चालला आणि २००२ साली शासनाने तो बंद केला. लोकांचा रेटा नसेल तर चांगला प्रयोगही टिकत नाही, हा त्याचा धडा आहे. पालक-शिक्षक संघांत बसणाऱ्या कार्यकर्त्यांनी शुल्काइतक्याच आग्रहाने वेळापत्रकाचाही जाब विचारला पाहिजे.