बीटी कापसातही बोंडअळी का मरत नाही? आणि हे आधी कळतं कसं?

नंदुरबार जिल्ह्यातलं रनाळे असो की विदर्भातलं एखादं गाव, कापूस उत्पादकांचा प्रश्न सारखाच आहे: बियाणं बीटीचं, फवारणीही झाली, तरी बोंडात अळी कशी?

नेमकं काय झालं?

भारतात बीटी कापसाला २००२ मध्ये परवानगी मिळाली. मातीतल्या जिवाणूचं जनुक असल्यानं हे झाड स्वतःच अळीला मारक प्रथिन तयार करतं. २००६ मध्ये दोन प्रथिनांचं बोलगार्ड-२ आलं.

पण असंख्य अळ्यांत एखादी हे विष पचवणारी असते. बाकीच्या मरतात, तिचा वंश वाढतो. अमरेली, भावनगर, जुनागढ आणि राजकोटमध्ये शेंदरी बोंडअळी पहिल्या प्रथिनाला दाद देत नसल्याचं मोन्सॅन्टोनं २०१० मध्ये जाहीर केलं. पुढे बोलगार्ड-२ देखील तिच्यापुढे निष्प्रभ ठरलं. २०१७ मध्ये महाराष्ट्रात मोठं नुकसान झालं.

प्रतिकारशक्ती कशी मोजतात?

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेसारख्या ठिकाणी शेतातली किडकी बोंडं आणून अळ्यांची पुढची पिढी वाढवतात. त्यांच्या खाद्यात प्रथिनाच्या कमी-जास्त मात्रा मिसळतात. निम्म्या अळ्या मरायला लागणारी मात्रा दरवर्षी वाढत गेली, तर तो धोक्याचा इशारा. फवारणीच्या औषधांचीही अशीच चाचणी होते.

शेतात काय पाहायचं?

फवारणी फसली म्हणजे प्रतिकारशक्तीच आली, असं नाही. अळी बोंडात शिरली की औषध तिच्यापर्यंत पोहोचतच नाही. त्यामुळे वेळ महत्त्वाची. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री रोज आठ पतंग सापडले, किंवा २० हिरवी बोंडं फोडल्यावर दोनांत अळी दिसली, की फवारणीची वेळ झाली असं समजतात.

हे न पाहता मात्रा वाढवली किंवा औषधं एकत्र मिसळली, तर खर्च वाढतो आणि फवारणाऱ्याचा जीवही धोक्यात येतो. २०१७ मध्येच यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेनं वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले. त्यामागे अनेक कारणं होती, पण औषध जपून वापरण्याची गरज त्यातून ठळक झाली.

मग उपाय?

बिगर-बीटी झाडांवर विषाला बळी पडणाऱ्या अळ्या टिकतात आणि त्यांच्याशी संकर झाल्यानं प्रतिकारशक्ती सावकाश पसरते. म्हणून बीटीसोबत मिळणारं हे बियाणं पेरणं गरजेचं. शिवाय फरदड न घेता डिसेंबरअखेर शेत मोकळं केलं, तर अळीचं खाद्यच तुटतं. मात्र हे एकट्यानं करून भागत नाही, शेजारच्या शेतातला पतंग बांध ओळखत नाही.